जकातीचा हिशेब रमजानवर ढकलू नका

जकात, म्हणजे मुसलमानाने आपल्या मालमत्तेतून दरवर्षी द्यायचं सक्तीचं दान, रमजानातच द्यायची, असा अनेकांचा समज आहे. खरं तर मालमत्ता निसाबाला (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेला) पोहोचली ती हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र कालगणनेची, तारीख वहीत लिहून ठेवायची. पुढच्या वर्षी त्याच तारखेला हिशेब. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे इंग्रजी तारीख धरली की दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे पडतात.

निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं (८७.४८ ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (६१२.३६ ग्रॅम). नुसतं पाच तोळे सोनं असेल तर जकात नाही. पण सोबत रोकड असली की हनफी (सुन्नी मुसलमानांमधला एक पंथ) मतानुसार दोन्हींची बेरीज साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीशी ताडतात, आणि इथेच बरेच जण चुकतात. अंगावरच्या दागिन्यांवरही हनफी जकात धरतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाचे. त्यांच्याकडे नेहमीच्या वापरातले दागिने वगळतात. राहतं घर, गाडी यांवर दोन्ही पंथांत जकात नाही. दुकानातला माल मात्र आजच्या विक्रीच्या भावाने मोजा.

दर अडीच टक्के : ३,००,००० वर ७,५०० रुपये. आई-वडील, मुलांना जकात चालत नाही. गरजू बहीण-भावाला चालते, उलट आधी तिथेच द्यावी. देताना नियत (जकात देण्याचा हेतू) मनात असली की पुरे. ‘ही जकात आहे’ असं सांगून समोरच्याला खजील कशाला करायचं?