लान्ट्विट मेजरचे दगड: फलक शेवटी वाचा

वेल्समधल्या लान्ट्विट मेजर गावच्या सेंट इल्टुड चर्चमध्ये गॅलिली चॅपल आहे, तिथे जुने कोरीव क्रॉस आणि शिलालेखांचे दगड ठेवलेत. लोक येतात, माहितीफलक वाचतात, समोरून एक फोटो काढतात आणि निघतात. दगड बघायचा राहूनच जातो. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम हातभर अंतरावर उभं आहे, गर्दीचं नाव नाही, मागून कोणी ढकलत नाही, तरी पाच मिनिटांत सगळं उरकतं. मला याचा मनापासून राग येतो आणि दोष मी फलकांनाच देते. लॅटिन मजकूर, त्याचा अर्थ, राजाचं नाव, सगळं आयतं वाढून ठेवलंय. मग दगडाकडे कोण बघणार?

म्हणून माझा हेका असा, की फलक शेवटी वाचायचे. आधी दगडाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची. मागची बाजू आणि अरुंद कडा यांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि वाऱ्यापावसाचा मार सगळ्या बाजूंना सारखा बसलेला नसतो. समोर पुसट झालेली वीण कधी कडेला स्वच्छ सापडते. दुसरं, उजेड. हे कोरीवकाम उथळ आहे. समोरून फ्लॅश मारला की सावल्या मरतात आणि फोटोत नुसता करडा ठोकळा येतो. मोबाइलचा टॉर्च बाजूला, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू वर-खाली न्या. खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि नुसते ओरखडे वाटत होते तिथे अक्षरं उभी राहतात. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. एकट्याने दोन्ही करायला गेलं की उजेडाचा कोन हमखास बिघडतो. तिथे असलेल्या स्वयंसेवकांना आधी विचारावं. दगडाला हात मात्र लावायचा नाही. बोटांचं तेल सच्छिद्र दगडात मुरतं.

सगळ्यात देखणा आहे तो होउएल्टचा क्रॉस. वर गोल चकती, खाली रुंद खांब, काळ नववं शतक. कोनाकोनांत मोडणारी नक्षी आणि दोरीसारखी वीण यांनी दगड भरून टाकलाय. वीण पाहताना एकच पट्टी पकडायची आणि नजरेने तिच्या मागे जायचं: एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून. हे काम चौकटींच्या जाळीवर आखलेलं असतं आणि कारागिराची खरी परीक्षा कोपऱ्यात असते. तिथे पट्टी वळवताना वर-खालचा क्रम चुकला तर चूक पुढच्या प्रत्येक गाठीत सरकत जाते.

लेख तळाशी आहे, गुडघ्यांवर बसल्याशिवाय नीट दिसत नाही. होउएल्टने हा क्रॉस वडील रेस यांच्या आत्म्यासाठी करवला, असा मजकूर. लिपी रोमन शिलालेखांसारखी ठसठशीत मोठ्या अक्षरांची नाही, हस्तलिखितांतल्या गोलसर वळणाची आहे. तिच्यात आर, एन आणि एस एकमेकांसारखे दिसतात, नवशिक्या तिथेच अडकतो. लॅटिन तर इतकं अशुद्ध, की ‘इन नोमिने’चं (म्हणजे ‘नावाने’) ‘नि नोमिने’ झालंय. हा होउएल्ट म्हणजे दक्षिण वेल्समधल्या ग्लिविसिंग राज्याचा राजा हवेल अप रीस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शेजारच्या मर्सिया या इंग्लिश राज्याचा शासक एथलरेड याचा जाच सोसेना म्हणून याने वेसेक्स या दुसऱ्या इंग्लिश राज्याच्या आल्फ्रेड राजाचा आसरा घेतला, हे आल्फ्रेडच्या चरित्रकाराने, वेल्श बिशप असरने लिहून ठेवलंय.

फोटो सगळे याचेच काढतात. माझं मत विचाराल तर जास्त वेळ सॅमसनच्या स्तंभाला द्या. उंच, सरळ चौकोनी दगड, नक्षी जवळपास नाही, नुसता मजकूर. मठाधिपती सॅमसनने स्वतःच्या आणि राजा इउथाहेल, आर्टमाल व टेकान यांच्या आत्म्यांसाठी हा क्रॉस उभारला, असं तो सांगतो. क्रॉस मात्र आज त्यावर नाही. ओळी अरुंद आहेत, शब्द जागा संपेल तिथे तुटतात. सुरुवातीला ‘इन्किपिट’ येतं, म्हणजे लॅटिन हस्तलिखितात ग्रंथारंभी लिहितात तसं. मसुदा करणारा पोथ्यांत मुरलेला होता, हे लपत नाही. राजाचं नाव आहे, पण क्रॉस उभारणारा मठाधिपती आणि पहिलं नाव त्याचं स्वतःचं. तेव्हा इथे असलेल्या मठाचं वजन याहून वेगळं सांगायला नको. हा सॅमसन म्हणजे सहाव्या शतकात इथल्या मठात शिकून फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या डोलला गेलेला संत सॅमसन नव्हे. हा स्तंभ त्याच्यानंतर दोनेक शतकांनी उभा राहिला. ही गल्लत हमखास होते.

हा स्तंभ 1789 मध्ये योलो मोर्गानुगने चर्चच्या आवारातून उकरून काढला. तो पेशाने पाथरवट आणि वेल्श हस्तलिखितांच्या बनावटीसाठी बदनाम. त्याने सांगितलेली कथा अशी, की एका अवाढव्य तरुणासाठी कबर खणताना हा दगड तिच्यात कोसळला आणि तसाच पुरला गेला. कथेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. दगड अस्सल आहे.

बाकीच्यांत तो दंडगोल खांब चुकवू नका. त्याला वरपासून खालपर्यंत एक उभी खाच आहे आणि ती कशासाठी, यावर अजून वाद चालतात. चॅपल स्वतः कित्येक शतकं बिनछपराचं पडीक होतं. 2013 मध्ये दुरुस्ती होऊन दगड तिथे आले. चर्चमधली भित्तिचित्रं चांगली आहेत, तीही पाहून घ्या.

जाण्याबद्दल एवढंच, की कार्डिफहून ब्रिजेंडला दोन मार्गांनी गाड्या जातात. मुख्य मार्गाची गाडी लान्ट्विटला जातच नाही, बॅरीमार्गे जाणारी हवी. बॅरीच्या दिशेच्याही सगळ्या चालत नाहीत, कारण काही बॅरी आयलंडला जाऊन संपतात. फलाटावर ‘ब्रिजेंड’ आणि ‘बॅरी’ दोन्ही नावं एकाच गाडीपुढे दिसली तरच चढा. स्टेशनपासून चर्च पायी जाण्याजोगं आहे, पण ते गावाच्या जुन्या भागात, उताराखाली आहे, त्यामुळे चर्चचं शिखर शोधत चालू नका. रविवारी सकाळी प्रार्थना असते. शिवाय लग्न किंवा अंत्यविधी असला तर मुकाट्याने बाहेर थांबावं.

तिसरा कोरीव क्रॉस, ज्याची वरची चकती हरवलीय, त्याच्या मागच्या चौकटींत इल्टुड, सॅमसन, समुएल आणि एबिसार अशी नावं आहेत. यातलं एबिसार हे नाव ब्रिजेंडजवळच्या कोयचर्च गावातल्या क्रॉसवरही आहे. तोच माणूस की नुसतं नाव तेच, हे दोन्हीकडची अक्षरं पाठोपाठ पाहून तुम्हीच ताडून बघा. तोही क्रॉस चर्चमध्येच आहे, पण चर्च उघडं असेल याची खात्री आधी करून घ्या, नाहीतर कुलूप बघून परत फिराल.