मावळतीकडे पाठ करून

आश्विन शुद्ध अष्टमी, ठाणे पूर्वेचं मीठबंदर. सूर्य मावळायची वेळ ६.२०. पण इथून सूर्य दिसतच नाही, कोपरीच्या इमारती त्याला आधीच झाकून टाकतात. समोर खाडी, पलीकडे विटावा-कळवा, त्यामागे पारसिकचा डोंगर. आणि त्या डोंगराच्या डाव्या टोकाकडे, ईशान्येला, एक ढग चढत होता. बुडाशी काळानिळा, मध्ये फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगलेला, वर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला. डावी बाजू उजळ, उजवी सावलीत. चेहऱ्यावर खिडकीतून प्रकाश यावा तसा.

सोबत एक जोडपं होतं, मार्गशीर्षात लग्न असलेलं. कॅमेरा खाडीकडे वळवल्यावर मुलीनं विचारलं, "दादा, सूर्यास्ताचे फोटो काढायचेत ना? मग सूर्याकडे पाठ का?"

हे सगळं लिहितोय ते त्या प्रश्नासाठी.

त्या आधीच्या चार संध्याकाळी मावळतीच्या मागे गेल्या. उपवनला सूर्य येऊरच्या डोंगराआड लवकर जातो, पाण्यावर रंग उतरायच्या आत सावली येते. गायमुखला नुसता धुरकट पांढरेपणा. वाशीला सागर विहारला दोन दिवस, तिथे उभं राहायला जागा नाही, पुढे धरलेले मोबाइल तेवढे दिसतात. सीवूड्सकडे निघालोच नाही, कारण उपग्रहाच्या चित्रात अरबी समुद्रावर ढगांचा जाड पट्टा होता.

हे चित्र बघितल्याशिवाय पश्चिमेच्या रंगासाठी घराबाहेर पडू नये. सहा किलोमीटर उंचीवरच्या ढगाला सूर्यास्तानंतर खालून जो किरण पेटवतो, तो जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेला समुद्राला घासून आलेला असतो. तिथे ढगाची भिंत असली तर आपल्या डोक्यावरचे ढग कितीही सुंदर असोत, त्यांची राखच होते. 'आज मस्त ढग आहेत, चला' म्हणून निघालेल्यांची निराशा बहुतेक वेळा इथेच होते. डोक्यावर ढग हवेत आणि क्षितिजापलीकडे फट हवी. जून ते सप्टेंबर ही फट क्वचितच मिळते.

पूर्वेचं गणित वेगळं. पाऊस परतायला लागला की दिवसभर तापलेल्या सह्याद्रीवर दुपारी ढग उठतात. समुद्रावरचा दमट वारा घाटाला अडून वर चढतो, वरच्या थरातला वारा तोवर पूर्वेकडून वाहू लागलेला असतो, आणि शहापूर, कसारा, मुरबाडच्या बाजूला चार-पाच वाजेपर्यंत ढगांचे डोंगर उभे राहतात. ठाणे त्यांच्या पश्चिमेला. म्हणजे मावळता सूर्य आपल्या पाठीशी, ढग समोर, मध्ये अडथळा काही नाही. हा हंगाम चातुर्मासात येतो हे आम्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं भाग्य. तुळशीचं लग्न लागेपर्यंत संध्याकाळ मोकळी असते. पुढे गोरज मुहूर्त सुरू झाले की आकाश सर्वांत सुंदर असतं त्या घटकेला आपण हॉलमध्ये अक्षता टिपत असतो. ती हळहळ वर्षभर पुरते.

अष्टमी मुद्दाम निवडली होती, आणि त्यात देवीपेक्षा भरतीचा विचार जास्त होता. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास खाडी भरलेली. खाडीच्या आत इथपर्यंत पाणी पोचायला थोडा वेळ आणखी धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठं असतं, पण भरती दुपारी बाराच्या आसपास येऊन जाते. संध्याकाळी साडेसहाला समोर नुसता चिखल, त्यात प्रतिबिंब कुठलं? अष्टमीची भांगाची भरती उंचीला कमी, पण वेळेवर येते. मीठबंदरावर जाळं आवरत बसलेल्या मामांनी पायाखालची पायरी दाखवून सांगितलं, "पाणी अजून अर्धा तास चढंल, बॅगा वरती ठेवा." अर्ध्या तासानं ती पायरी पाण्याखाली होती.

अष्टमीचा तोटा एकच. टेंभी नाक्याच्या नवरात्रातल्या देवीमुळे स्टेशनच्या पश्चिमेला पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वेला उतरून चालत येणं बरं, अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं.

आता लेन्स. आकाश म्हटलं की लोक १६ मिलीमीटरची वाइड काढतात. इंद्रधनुष्याला ती हवीच, कारण पूर्ण कमानीची रुंदी ८४ अंशांपर्यंत जाते आणि २४ मिलीमीटरमध्ये ती मावत नाही. पण साठेक किलोमीटरवरचा पंधरा किलोमीटर उंचीचा ढग आपल्या डोळ्याला जेमतेम १४ अंश भरतो. वाइडमध्ये तो क्षितिजावरचा कापसाचा बोळा होतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलीमीटरची लेन्स आडवी धरली तर चौकट उभ्यात १६ अंशांची. ढग नेमका बसतो, वर-खाली बोटभर जागा सोडून. ज्या लेन्सनं नवरीचा चेहरा टिपायचा, तिनंच ढगाचा चेहरा. ऐरण दोन्ही बाजूंना पसरली असेल तर कॅमेरा उभा धरून पाच फ्रेम, प्रत्येकीत आधीच्या फ्रेमचा एक तृतीयांश भाग, आणि सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं. ढग सतत उकळत असतो, उशीर झाला की जोड जुळत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा पांढरं कशाला मानतो ती सेटिंग, ५५०० केल्विनवर पक्का करून टाकायचा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो गुलाबी रंग चूक समजून पुसत बसतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायचा. ढग केशरी झाला की लाल वाहिनी आधी फुटते, म्हणजे त्या रंगातले बारकावे जातात, आणि पांढरा हिस्टोग्राम तोवर सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकायच्या आधी थांबायचं, सावल्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) नंतर उचलता येतात. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, बॅगेतच राहू दे. त्याचा जोर सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जवळजवळ नाही. इथे तो फक्त दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकाश खातो.

६.२० झाले. जमिनीवर सूर्य मावळला. ढगाच्या माथ्यावर नाही. पंधरा किलोमीटर उंचीवर तो साधारण पंधरा मिनिटं उशिरा मावळतो, आणि ती पंधरा मिनिटं हाच सगळा कार्यक्रम. आधी बूड विझलं, पाटीच्या दगडासारखं निळं झालं. पृथ्वीची सावली ढगावर पायरी पायरीनं चढू लागली. तिच्या लगेच वर पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी, मग केशरी, मग पिवळा. खाडीच्या पाण्यात तोच क्रम उलटा. ६.३३ला फक्त ऐरणीची कड जळत होती. मामांनी जाळं आवरायचं थांबवलं होतं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच पंधरा मिनिटांत आहे. पश्चिमेला पाठ करून जोडपं उभं केलं की चेहरे काळे पडतात, मग फ्लॅशनं ते उजळावे लागतात, आणि मागच्या प्रकाशाशी पुढच्या प्रकाशाचा संबंध राहत नाही. इथे पश्चिमेचं सगळं आकाश फोटोग्राफरच्या डाव्या खांद्यामागे पसरलेला एक प्रचंड सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी दिव्याची पेटी, असतो. तो चेहऱ्याचा डावा गाल उजळतो आणि मागच्या ढगाचाही डावाच. दोघांवर एकच प्रकाश. सूर्यास्तानंतर पहिली पाच-सात मिनिटं ढग चेहऱ्यांपेक्षा फार उजळ असतो, तेव्हा नुसता ढग टिपून घ्यायचा. दहाव्या मिनिटाच्या पुढे मेळ बसतो. एफ/८ पासून सुरुवात. एफ/४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र तेवढं उघडून, जाऊ नये. जोडपं आठ मीटरवर असलं तर मागच्या ढगाच्या कडा पुसट होतात. थोडा फ्लॅश हवाच असेल तर ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स डावीकडूनच, ताकद १/३२, त्यावर अर्ध्या तीव्रतेचा केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. स्टँडला वाळूची पिशवी, खाडीचा वारा सॉफ्टबॉक्स शिडासारखा ओढतो.

म्हणूनच सॉफ्टवेअरनं आकाश बदललेले अल्बम बघवत नाहीत. एका क्लिकमध्ये मागे लालभडक ढग येतात, आणि नवरा-नवरीच्या नाकाची सावली उजवीकडे तर ढगाची डावीकडे. पैसे देणाऱ्यालाही काहीतरी खटकतं, फक्त काय ते सांगता येत नाही. गिऱ्हाईक मागतं म्हणून द्यावं लागतं, हे ऐकतो. पण खरं आकाश लोकलच्या तिकिटात मिळत असताना खोटं विकणं मनाला पटत नाही, आणि तसं मी सरळ सांगतो.

पावणेसातनंतर ढगाच्या आत विजा दिसू लागल्या. साठ किलोमीटरवरचा गडगडाट ऐकू येत नाही, आतून कंदील लागल्यासारखा नुसता उजेड. ट्रायपॉड, मॅन्युअल फोकस, लाँग एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे काढणारी सोय) बंद. नाहीतर जितका वेळ फ्रेम, तितकाच वेळ कॅमेरा अडकून पडतो आणि वीज निघून जाते. वीस-तीस सेकंदांची फ्रेम जवळच्या विजेला चालते, इथे नाही. ढगाची कड दहा सेकंदांतच ८५ मिलीमीटरमध्ये पुसट होते. तीन सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घ्यायच्या आणि विजा असलेल्या नंतर एकत्र करायच्या.

लक्ष वाऱ्याकडे ठेवायचं. तोवर पाठीवर समुद्राचा दमट वारा होता. सातच्या सुमाराला तो पडला, आणि थोड्या वेळानं समोरून, पारसिककडून, गार झुळूक आली. ढगाखालची थंड हवा इथवर पोचली होती, म्हणजे ढग याच बाजूला सरकतोय. आणखी एकच फ्रेम म्हणत थांबायची वेळ ही नव्हे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. उघड्या बंदरावर लोखंडी स्टँड आणि ट्रायपॉड घेऊन उभं राहणं तेव्हा सरळ जिवावरचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत परत बाहेर येऊ नये.

पहिला आवाज आला तेव्हा सामान बांधून झालं होतं. मामा होडी बांधून आमच्या आधीच निघून गेले होते. कोपरीतल्या एका दुकानाच्या शेडखाली थांबून जोडप्याला मागच्या स्क्रीनवर ६.३१ची फ्रेम दाखवली. मुलगी काही बोलली नाही, फोटो मोठा करून आधी ढगाचा गाल बघितला, मग स्वतःचा.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुवायचे, खाडीचं मीठ आठवड्यात स्क्रू धरून टाकतं. लेन्सपुढचा फिल्टर आधी ओलसर कापडानं पुसायचा, मग कोरड्या. कोरड्यानं सुरुवात केली तर मिठाचे कण काचेवर घासत जातात.