चाळीस फूट, तीस फूट

सोमवार, रात्री

घरात सगळ्यांना "नोकरी गेली" एवढंच कळलंय आणि तेवढंच त्यांना पुरतंय. लायसन्स गेलेलं नाही, हे मी आईला परत परत समजावतेय. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, माझं आहे, ते डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान खात्याने दिलंय, त्यावर एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, चढलेलं आहे. कंपनीचं जे होतं ते कंपनीने परत घेतलं: ओळखपत्र, विमानतळाचा एंट्री पास, मॅन्युअल्सनी भरलेला आयपॅड, खांद्यावरच्या पट्ट्या. ट्रॉली बॅग माझ्या पैशांची, म्हणून तेवढी घरापर्यंत आली. आई म्हणते, "मग दुसऱ्या कंपनीत जा की." मिरजेची सिटी बस चुकली तर मागची धरावी, तसं.

पत्र दोनच परिच्छेदांचं आहे. प्रोबेशनच्या कलमाखाली सेवा समाप्त, बॉण्डची रक्कम मागणार नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी पक्की फर्स्ट ऑफिसर झाले असते आणि सोडते म्हणाले असते, तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे मला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागली असती, कॅप्टनला तर बारा महिन्यांची. त्यांना एक दुपार पुरली. मीटिंगला तिघं होते. तिघंही नीट बोलले, एकाने तर मी चांगली पायलट आहे असंही सांगितलं. मग काढताय कशाला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण उत्तर त्यांच्यापुढच्या फाइलमध्ये लिहिलेलंच होतं: लँडिंगमध्ये सातत्य नाही.

आज जेवताना पप्पांनी विचारलं, "सातत्य नाही म्हणजे नक्की काय गं?" उद्या सांगते म्हटलं. लिहून काढल्याशिवाय ते मलाच धड सांगता येणार नाही.

मंगळवार

मी बारामतीला सेसना १७२ वर शिकले. सीपीएलला लागणाऱ्या २०० तासांतले जवळजवळ सगळे तिथलेच. सेसना उतरवताना रनवेच्या हातभर वर विमान धरून ठेवायचं, वेग मरू द्यायचा, आणि स्टॉल वॉर्निंगची पिपाणी वाजायला लागली की चाकं टेकतात. छान सवय होती ती. एअरबसवर तीच सवय नडते. साठ-पासष्ट टनांचं विमान असं धरून ठेवलं तर ते तरंगत राहतं आणि खालून रनवे संपत जातो.

एअरबसची गंमत अशी आहे की, ५० फुटांवर आल्यावर ती आपल्या नाकाची ठेवण लक्षात ठेवते आणि ३० फुटांच्या खाली आपणहून नाक हळूहळू खाली करायला लागते. हे मुद्दाम केलेलं आहे. पायलटला स्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, मागे ओढायची इच्छा व्हावी, साध्या विमानासारखं वाटावं म्हणून. तेवढ्यात मशीनचा आवाज मोजत असतो: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड. रिटार्ड म्हणजे थ्रस्ट लिव्हर मागे घे, इंजिनाचा जोर कमी कर. ५० फुटांपासून चाकं टेकेपर्यंत सहा-सात सेकंद मिळतात. त्यातला ओढण्याचा क्षण दीड-दोन सेकंदांचा. तो लवकर साधला तर विमान तरंगतं, उशिरा साधला तर आपटतं. दोन्हीची नोंद विमानातलं यंत्र ठेवतं, ती नंतर ऑफिसात बघितली जाते.

सिम्युलेटरमध्ये माझं बरं चाललं होतं. गुडगावला रात्री दोन ते सहाचे स्लॉट असायचे, बाहेर पडलो की टपरीवर चहा आणि दिवसा पडदे लावून झोप. ऐन टेकऑफला एक इंजिन बंद पाडायचे, ते मी सांभाळलं. परीक्षा पहिल्याच खेपेला पास. पण सिम्युलेटर शेवटचे तीस फूट शिकवत नाही, असं माझं मत आहे. तिथली जमीन म्हणजे चित्र. पाठीला, बुडाला जे कळायला पाहिजे ते तिथे कळत नाही. ते लाइनवर, म्हणजे खऱ्या फ्लाइटवर येऊनच शिकायचं असतं, मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली असताना, शेजारी ट्रेनर कॅप्टन आणि सुरुवातीला मागच्या सीटवर एक सेफ्टी पायलट.

आणि इथे मला बोलायचंय, कारण मीटिंगमध्ये बोलले नाही.

रोस्टर लागेल तसा कॅप्टन बदलायचा. एकजण म्हणायचे, नजर रनवेच्या शेवटाकडे ठेव, आकड्यांकडे लक्ष देऊ नकोस. दुसरे म्हणायचे, थर्टी ऐकलं की ओढ, विचार करू नकोस. तिसऱ्यांना दोन्ही मान्य नव्हतं, त्यांचं म्हणणं विमान बसतंय असं जाणवलं की ओढायचं. तिघंही वर्षानुवर्षं उत्तम उतरवत आलेले, तिघांचंही खरं. या ओढण्याला फ्लेअर म्हणतात. फाइलमध्ये एका पानावर "फ्लेअर उशिरा", पुढच्या पानावर "फ्लेअर लवकर". मागचं पान वाचून कुणी मला सीटवर बसवलं असेल, असं वाटत नाही. आज एकाने डावीकडून दुरुस्त केलेला हात उद्या दुसरा उजवीकडून दुरुस्त करणार, आणि मग सगळे मिळून म्हणणार की हात स्थिर नाही. खरंच नव्हता. शब्द त्यांनी बरोबर वापरला.

त्यात जूनचा पाऊस. हवामान खराब असेल किंवा तसा अंदाज असेल, तर शिकाऊ फर्स्ट ऑफिसरच्या हातात टेकऑफ-लँडिंग द्यायचं नाही, असा डीजीसीएचा पावसाळी नियम आहे. नियम शंभर टक्के योग्य आहे. मुंबईच्या ओल्या रनवेवर, आडव्या वाऱ्यात, मीच प्रवासी असते तर मलाही शिकाऊ पोर नको असती. पण त्याचा परिणाम असा की, ओळीने कितीतरी फ्लाइट्स मी रेडिओ सांभाळला, चेकलिस्ट वाचल्या, चाकं खाली केली आणि उतरवलं कॅप्टननी. मधेच एखाद्या कोरड्या दिवशी नागपूरला किंवा हैदराबादला, "चल, हे तुझं." महिन्यातून अशी वेळ किती येणार? आणि सेक्टर, म्हणजे एकेक उड्डाण, मात्र मोजले जात होते. ठरलेले संपले, वाढवून दिलेले संपले.

त्यातल्या त्यात एकाच कॅप्टननी यावर उपाय काढला. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी काहीही बोलण्याआधी माझी सीट बघितली. एअरबसमध्ये समोरच्या दोन काचांच्या मधल्या दांडीवर छोटे छोटे गोळे असतात, लाल आणि पांढरे. सीट अशी वर-खाली, पुढे-मागे करायची की आपल्या बाजूच्या लाल गोळ्याआड पांढरा बरोबर झाकला जावा. म्हणजे माणूस उंच असो की माझ्यासारखा पाच फूट दोन इंच, डोळा प्रत्येकाचा एकाच जागी. त्यांनी माझे गोळे जुळलेले बघितले, मग पेडल्स आणखी दोन खाचा जवळ घ्यायला लावली आणि म्हणाले, "आता उतरवणार मी. तू हात मांडीवर ठेव आणि ओढायची वेळ आली की तोंडाने 'आता' म्हण."

बस, एवढंच. बाहेर पाऊस, ते उतरवतायत आणि मी "आता" म्हणतेय. पहिल्यांदा माझं "आता" फार लवकर आलं. ते काही बोलले नाहीत, खाली टॅक्सी करताना फक्त "अर्धा सेकंद" म्हणाले. पुढच्या सेक्टरला जवळ आलं. त्यांच्याबरोबर माझे फार कमी दिवस लागले, पण नंतरच्या कोरड्या दिवशीच्या दोन्ही लँडिंग मी जशी करायला हवी तशी केली. तोवर फाइल मीटिंगच्या टेबलापर्यंत पोचलेली होती.

पप्पांना रात्री हे सगळं सांगितलं, हाताने विमान करून. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे तुला यायला लागलं आणि त्यांची मुदत संपली." आडतीच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस आहे, हळदीचा सौदा मुदतीत झाला नाही तर काय होतं हे त्यांना माहीत आहे. कंपनीला त्यांनी एक वाईट शब्द लावला नाही. मला वाटलं, लावावा.

गुरुवार

कोयनेतून विसर्ग वाढवलाय. सांगलीच्या गावभागात सकाळपासून एकच विषय: कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला किती फूट? आमच्याकडे जुलैत माणसं "कसं काय" विचारत नाहीत, "किती फूट" विचारतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छताजवळ पाणी होतं, ती रेघ पप्पांनी रंग देतानाही पुसू दिली नाही. आज सव्वीस-सत्तावीस आहे, काही होणार नाही. पण दूधवाल्याने गल्लीतून ओरडून "तीस व्हणार रात्रीपातूर" असं सांगितलं आणि माझा उजवा हात चादरीवर आपोआप मागे गेला. एकटीच हसले.

पाण्याचा एक फायदा आहे, माझी चौकशी कमी झाली. नाहीतर पायलट झाले तेव्हा गल्लीतल्या मंडळाने चौकात फ्लेक्स लावला होता: माझा बारामतीचा फोटो, मागे कुठल्या तरी परदेशी कंपनीचं जम्बो जेट, आणि खाली शुभेच्छुकांची पंचवीसेक मुंडकी. तो फ्लेक्स आता कोपऱ्यावरच्या मामांच्या म्हशीच्या कडब्यावर पसरलाय. अर्धा चेहरा दिसतो. मामा मला बघून ओशाळले, "पावसाचं भिजतंय गं, म्हणून..." मी म्हटलं, राहू दे मामा, दोऱ्या नीट बांधा, वारं सुटलंय.

"सुट्टी किती दिवस?" हा प्रश्न मात्र चुकत नाही. आधी दोन दिवस "आहे अजून" म्हणत होते. आज समोरच्या काकूंना सरळ सांगितलं, काढलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही साखर कारखान्यात कायम केलं नव्हतं पहिल्या वर्षी." मग भडंगाचा डबा देऊन गेल्या. काकांना पुढे कायम केलं की नाही, ते विचारायचं राहिलं.

शनिवार

आज हिशोब. पप्पांची पाठपोट लिहिलेली वही, माझं गुगल शीट आणि आजीची सल्ला द्यायची हौस.

बेडगच्या रस्त्यावरची जमीन बारामतीच्या वेळीच गेली. टाइप रेटिंगसाठी घर तारण ठेवून कर्ज काढलंय, त्याचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला. मला स्टायपेंड सुरू होता तेव्हा तो कसाबसा भरत होतो. आता दोन हप्त्यांपुरते पैसे आहेत. हे झालं एक.

दुसरं घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रेटिंग नुसतं लायसन्सवर छापून भागत नाही, ते जिवंत ठेवावं लागतं. ठरलेल्या मुदतीत सिम्युलेटरवर जाऊन चेक द्यायचा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी) चालू ठेवायचं, मेडिकल दर वर्षी. नोकरीत असताना यातलं बरंचसं कंपनी करते. नोकरी नसताना सिम्युलेटरच्या एका स्लॉटला जे पैसे जातात त्यात आमचं घर दोन-तीन महिने चालतं. आणि ते केलं नाही तर पुढच्या मुलाखतीला बोलावणंच येणार नाही. म्हणजे ज्याला नोकरी नाही त्यानेच जास्त खर्च करायचा. आजी म्हणाली, "हे कुणी बसवलंय?" तिला उत्तर देता आलं नाही, पण उडणाऱ्या माणसाचा हात गंजू नये हा हेतू मला पटतो, बिल पटत नाही.

पप्पा म्हणाले, घर विकायचा विषय काढू नकोस. मी काढलाच नव्हता.

ठरलं ते असं: बँकेत जाऊन हप्ते पुढे ढकलता येतात का ते विचारायचं. पुण्यातल्या एका क्लासला डीजीसीएच्या पेपरसाठी मेट, म्हणजे हवामानशास्त्र, आणि नेव्हिगेशन शिकवायला माणूस हवंय, तिथे बोलून घ्यायचं. मेट मला मनापासून येतं. पाऊस, ढग, वारं, यांच्याबद्दल आता माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे.

रविवार

एका कंपनीचा फॉर्म उघडला. टाइप रेटेड, कमी तासांच्या पायलट्सना घेतायत. शिक्षण, तास, मेडिकल, सगळं भरत गेले आणि मग तो रकाना आला: प्रशिक्षणातून किंवा नोकरीतून कधी काढलं आहे का? हो की नाही. हो असेल तर कारण लिहा.

सिम्युलेटरमधल्या माझ्या पार्टनरला फोन केला. तो म्हणाला, "राजीनामा दिला असं लिही. घरगुती कारण." तो अजून तिथेच आहे, त्याला बोलणं सोपं आहे. पण हे क्षेत्र इवलंसं. ट्रेनर एका कंपनीतून दुसरीकडे जातात, उद्या मुलाखतीला समोर तिसरे कॅप्टनच बसलेले असायचे. आणि खरं सांगायचं तर मला ते लपवायचंही नाही. लँडिंग येत नव्हतं, मग यायला लागलं, यात लपवण्यासारखं काय आहे?

"हो" वर टिक केली. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा पावसाळी नियमासकट सगळी कहाणी लिहिली, पुसली. मग एवढंच ठेवलं: लँडिंगमध्ये ठरलेल्या सेक्टर्समध्ये अपेक्षित सातत्य आलं नाही म्हणून प्रोबेशनमध्ये सेवा समाप्त, ट्रेनिंग फाइलची प्रत मागवली आहे, मिळाल्यावर देते. आणि जुन्या कंपनीला प्रतीसाठी खरोखरच मेल केला.

शेवटी रेफरन्सचा रकाना. "आता" वाल्या कॅप्टनसाहेबांना मेसेज टाकला, तुमचं नाव देऊ का. दुपारभर निळी खूण नाही, फ्लाइटवर असणार. संध्याकाळी उत्तर आलं: "दे. चेकसाठी सिमचा स्लॉट घेशील तेव्हा आधी कळव. मी सुट्टी बघून येतो, माझ्या वेळेचे पैसे लागणार नाहीत."

फॉर्म पाठवला. आयर्विन एकतीस फूट.