कामाकुरातली सेत्सुको हारा

भारतातून कोणी आलं की मी त्यांना टोकियोजवळच्या कामाकुराला नेते. सगळ्यांना मोठा बुद्ध बघायचा असतो, मग कोमाची गल्लीत खरेदी, आइस्क्रीम, की झाली कामाकुरा. मला मात्र त्या गावाचं नाव काढलं की आधी सेत्सुको हारा ही जुनी जपानी नटी आठवते. तिच्याबद्दल आपल्याकडे फार कोणी लिहीत नाही म्हणून आज लिहितेय.

जन्म 17 जून 1920, योकोहामाच्या होदोगायामधला. खरं नाव मासाए आइदा. घर मोठं, पैशांची ओढाताण, बहिणीचा नवरा सिनेमाचा दिग्दर्शक, त्याच्या ओळखीने ती स्टुडिओत गेली आणि 1935 साली म्हणजे पंधराव्या वर्षी पडद्यावर आली. 1937 मध्ये एका जपानी-जर्मन सिनेमामुळे जर्मनीला जाऊन आली, तेव्हा सतरा पण पूर्ण नव्हती! युद्धाच्या काळात प्रचाराच्या सिनेमांतही तिला काम करावं लागलं. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने एका सिनेमात तिला प्रोफेसरची मुलगी केली, जी पुढे चिखलात उतरून भातशेती करते, आणि मग 1949 मध्ये दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'बान्शुन' (इंग्रजीत 'लेट स्प्रिंग') आला.

'बान्शुन' कामाकुरातच घडतो. विधुर प्रोफेसर वडील आणि त्यांची लग्नाचं वय टळत चाललेली मुलगी नोरिको, म्हणजे सेत्सुको. तिला वडिलांना सोडून जायचं नाहीये, म्हणून वडील स्वतः दुसरं लग्न करणार असल्याचं नाटक करतात. यातला एक सीन मी कितीही वेळा बघू शकते. बापलेक नोह, म्हणजे जपानचं जुनं संगीत नाटक, बघायला बसलेत, वडील समोरच्या एका बाईंना मान लवून नमस्कार करतात, नोरिको पण हसून करते, आणि मग तिच्या लक्षात येतं की वडिलांचं लग्न जिच्याशी होणार म्हणतात ती हीच. स्टेजवर गाणं चालूच आहे, कोणी एक शब्द बोलत नाही. सेत्सुकोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत जातं, ती एकदा वडिलांकडे बघते, एकदा त्या बाईंकडे, आणि मान खाली घालते. बस्स. डोळ्यांत पाणी नाही, मागे व्हायोलिन नाही, आणि तरी पोटात कालवतं.

ओझूचाच 'टोकियो मोनोगातारी' (1953, इंग्रजीत 'टोकियो स्टोरी') तर प्रत्येक मराठी घरात बघायला हवा असं मला मनापासून वाटतं. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील टोकियोत मुलांकडे येतात, पोटच्या पोरांना वेळ नाही आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको, म्हणजे सेत्सुको, ऑफिसातून रजा काढून त्यांना शहर दाखवते. तिची एवढीशी खोली, घरात साके (तांदळाची दारू) नाही, तर ती शेजारणीकडून मागून आणते आणि सासऱ्यांपुढे ठेवते. सून म्हणून कर्तव्य करतेय असं कुठेच वाटत नाही, तिला ती माणसं आवडतात एवढंच दिसतं. शेवटी धाकटी नणंद विचारते, आयुष्य म्हणजे निराशाच का गं, आणि ही हसून हो म्हणते. ते हसू काय आहे हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्याच वर्षी एका शूटिंगच्या वेळी तिचा कॅमेरामन भाऊ तिच्या डोळ्यांदेखत रेल्वे अपघातात गेला होता, हे कळल्यापासून तर तो सीन बघणं अजूनच अवघड झालंय.

ओझूबरोबर तिने सहा सिनेमे केले. 12 डिसेंबर 1963 ला, आपल्या साठाव्या वाढदिवशी, ओझू गेला आणि त्याच सुमारास सेत्सुकोने काम कायमचं थांबवलं. वय 43. लोकांनी लगेच प्रेमकथा रचली, दोघंही अविवाहित होते ना. मला ते पटत नाही. तिने स्वतः सांगून टाकलं होतं की अभिनयात मला कधी आनंद नव्हता, घरच्यांना पोसायचं होतं म्हणून केलं. इतकं सरळ उत्तर दिलं तर लोक चिडले, पत्रकार चिडले, कारण त्यांना त्यांची पडद्यावरची गोड मुलगी हवी होती. बाईने सांगितलेलं कारण सोडून तिच्यासाठी दुसरं कारण शोधत बसायचं, हे सगळीकडे सारखंच दिसतंय.

मग ती कामाकुरात जोम्योजी देवळाच्या बाजूला मासाए आइदा म्हणून राहायला लागली. पन्नास वर्षांहून जास्त! मुलाखत नाही, सिनेमा नाही, सत्कार नाही. लपूनछपून फोटो काढायला मासिकवाले अधूनमधून यायचे, पण तिने दार उघडलं नाही ते नाहीच. आपल्याकडे सुचित्रा सेनने 1978 नंतर असंच केलं होतं, त्यामुळे आपल्याला ही गोष्ट अगदीच परकी नाही.

जोम्योजीकडे स्टेशनवरून बस जाते. देवळं, बांबूचं बन, अरुंद रस्ते, कुंपणापलीकडे वाळत घातलेले कपडे. तिचं घर मी कधी शोधलं नाही, शोधणारही नाही. तिकडच्या एका छोट्या चहाच्या दुकानात मी मालकीणबाईंना विचारलं होतं, तुम्ही त्यांना बघितलंय का. त्या "हो, इकडेच असायच्या" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या कपात अजून चहा ओतला. पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मासिकवाल्यांना जे जमलं नाही ते या गल्लीतल्या शेजाऱ्यांना इतकी वर्षं जमलं.

5 सप्टेंबर 2015 ला, वयाच्या 95व्या वर्षी ती गेली. घरच्यांनी गाजावाजा केला नाही, त्यामुळे जगाला बातमी कळली 25 नोव्हेंबरला, म्हणजे अडीच महिन्यांहून जास्त काळाने. एवढ्या मोठ्या स्टारची!

कामाकुराला येणार असाल तर आधी 'बान्शुन' बघून या. त्यात नोरिको किता-कामाकुराहून वडिलांबरोबर टोकियोला जाते ती योकोसुका लाइन आजही रोज धावते, आणि त्याच स्टेशनला लागून असलेल्या एंगाकुजी देवळात ओझूची समाधी आहे, तिथे लोक साकेच्या बाटल्या ठेवून जातात. सिनेमा सबटायटल लावूनच बघा, फक्त नोहचा सीन आला की खालचं वाचू नका, तिच्याकडे बघा.