ब्रेड ओव्हनमध्ये कधी ढकलायचा

शुक्रवार, रात्री उशिरा

आज मित्रमंडळी जेवायला होती. बेत मुद्दामच मोठा ठेवला नव्हता: टोमॅटोचं सूप, काकडी आणि लेट्यूसचं सॅलड, आणि चीज-लसूण घालून भाजलेला गोल ब्रेड. भांडी आवरून झाली तरी डोक्यात ब्रेडच घोळतोय, म्हणून लिहायला बसले.

ब्रेड म्हणजे खरं तर तोंडीलावणं. पण अशा घरगुती जेवणाचा सूर तोच लावतो, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. सूप ज्याचं त्याच्या वाटीत असतं, सॅलड ज्याचं त्याच्या ताटलीत. ब्रेड मात्र मधोमध एकच, आणि त्याला सगळ्यांनाच हात घालावा लागतो. कुणी तुकडा ओढला की चीजची तार लांबत शेजारच्याच्या ताटलीपर्यंत जाते. ती तोडायला शेजारी मदत करतो, आणि मघापर्यंत फक्त नावानं ओळखणारी दोन माणसं गप्पांना लागतात. सुरीनं कापून, टोपलीत रचून ठेवलेल्या कापांनी हे होत नाही.

मात्र हे सगळं पहिल्या दहा मिनिटांतच होतं. ब्रेड ओव्हनबाहेर आल्यापासून चीज घट्ट व्हायला लागतं. चीजमध्ये केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं आणि कॅल्शियम ते बांधून ठेवतं. गरम झालं की जाळं सैल होतं, चीज वाहतं, ओढलं की लांबतं. निवलं की तेच जाळं पुन्हा आवळतं. लोण्यातली स्निग्धता शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळते, त्यामुळे ब्रेड निवला की तीही थिजून जिभेवर मेणचट लागते. म्हणून आता ठरवूनच टाकलंय: ब्रेड ओव्हनमध्ये जायचा तो सगळे टेबलाशी येऊन बसल्यावरच, आधी नाही. तो भाजून होईपर्यंत सूप वाढावं. माणसं पंचवीस मिनिटं खुशाल थांबतात, आणि स्वयंपाकघरातून लसणाचा वास यायला लागला की ती थांबण्यातही मजा असते. भाजलेला ब्रेड मात्र माणसांसाठी थांबत नाही.

शनिवार, दुपार

ताईचा सकाळीच फोन. "अगं, कालच्या त्या ब्रेडचं नीट सांग ना, पोरं मागे लागलीत." काल घाईत अर्धवट सांगितलं होतं. आता इथेच सविस्तर लिहून ठेवते आणि तिला पाठवते.

साधारण ४५० ग्रॅमचा गोल, जाड कवचाचा ब्रेड घ्यायचा. आदल्या दिवशीचा असला तर अधिकच चांगला. ताजा ब्रेड सुरीखाली दबतो आणि चिरा वेड्यावाकड्या जातात. शिळा ब्रेड टणक झालेला असतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिंगोनं १८५० च्या दशकातच दाखवलं होतं की ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरी ब्रेड शिळा होतोच. भाजताना मऊ झालेला स्टार्च निवल्यावर पुन्हा हळूहळू कडक रचनेत बसत जातो. तो ६० अंशांच्या पुढे तापवला की ती रचना मोडते आणि गर परत मऊ होतो. तेव्हा कालचा ब्रेड आपल्या ओव्हनमध्ये पुन्हा ताज्यासारखाच होणार असतो. हेच कडक होणं फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात जलद होतं, म्हणून नुसता ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये.

दातेरी सुरीनं आधी एका दिशेनं तिरप्या चिरा द्यायच्या, दोन-दोन सेंटिमीटरवर. मग त्यांना छेद देणाऱ्या दुसऱ्या. वरून शंकरपाळ्यांची जाळी दिसायला हवी. तळाशी सेंटिमीटरभर ब्रेड अखंड ठेवायचा, सगळं धरून ठेवतो तो तळच. मला इथे वेळ लागतो आणि तो मी लागू देते. सुरी दाबायची नाही, मागेपुढे करत खाली उतरू द्यायची. कवच संपून गर सुरू झाला की हाताला लगेच कळतं, आणि तळाचं कवच जवळ आलं की सुरीचा आवाज बदलतो, जरा कोरडा होतो. तिथे थांबायचं.

१०० ग्रॅम बिनमिठाचं बटर मऊ करून घ्यायचं. पातळ करायचं नाही. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. पातळ केलेलं बटर चिरांमधून थेट तळाशी जाऊन बसतं, मग तळ ओला आणि वरचा ब्रेड कोरडा. मऊ बटर जिथे लावाल तिथेच राहतं. त्यात ठेचलेला लसूण, बारीक चिरलेली पार्सली आणि मिरपूड. मीठ नाहीच, कारण पुढे पार्मेझान येणार आहे आणि ते पुरेसं खारट असतं. एका हाताच्या बोटांनी चीर उघडून धरायची, दुसऱ्या हातानं बोथट सुरीनं दोन्ही भिंतींना बटर लावायचं. मग २०० ग्रॅम किसलेलं मोझरेला चिरांमध्ये खोचायचं आणि थोडं वर ठेवायचं. सगळ्यात शेवटी ३० ग्रॅम पार्मेझान, फक्त वरून.

ओव्हन १८० अंशांवर तापलेला हवा. ब्रेड फॉइलमध्ये सैल गुंडाळून पंधरा मिनिटं, मग फॉइल उघडून २०० अंशांवर दहा मिनिटं. ही दोन पायऱ्यांची रीत मला फार पटते. फॉइलच्या आत वाफ कोंडते, गर मऊ होतो, चीज खालपर्यंत वितळतं, पण रंग काही येत नाही. ओलावा आहे तोवर पृष्ठभागाचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर चढत नाही, आणि खरपूस रंग-वास देणारी प्रक्रिया खऱ्या जोमानं चालते ती त्याच्या बरीच वर, १४० च्या आसपास. १९१२ साली लुई-कामिय मैयार यांनी तिचं पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. फॉइल काढलं की वरचं पाणी उडून जातं आणि पुढच्या दहा मिनिटांत तो तांबूस, डागाळलेला, कडेला करपट होऊ लागलेला रंग चढतो. सुरुवातीपासूनच उघडा ठेवला तर वरचं चीज काळं पडतं आणि आतलं तसंच पांढरं, किसाच्या किसात राहतं.

ताईला एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: ट्रेवर बेकिंग पेपर घाल. ओघळलेलं चीज त्यावर पसरून पातळ, जाळीदार, कुरकुरीत होतं. ते सोलून काढून पोरांना द्यायचं. माझ्याकडे तर त्यावर मोठ्यांचाच डोळा असतो.

रविवार

लसणाबद्दल.

अख्ख्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की पेशी फुटतात, आत वेगवेगळे असलेले दोन घटक एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. झणझणीतपणा तो तिथला. उष्णतेनं ही साखळीच तुटते. म्हणून आधी ठेचून मग भाजलेला लसूण आणि आधी भाजून मग ठेचलेला लसूण या चवीनं दोन वेगळ्या वस्तू आहेत. आज दोन्ही वापरले. एक अख्खा गड्डा वरून कापून, तेलाचा हात फिरवून, फॉइलमध्ये ४० मिनिटं भाजला. बाहेर काढला तेव्हा पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या, आणि बुडाशी दाबलं की टूथपेस्टसारखा लगदा बाहेर येत होता, गोडसर आणि चिकट. तो बटरमध्ये कालवला आणि वर दोन कच्च्या पाकळ्या ठेचून घातल्या. नुसत्या भाजलेल्या लसणाचा ब्रेड छान लागतो, पण जरा झोपाळू. दोन कच्च्या पाकळ्यांनी तो जागा होतो.

कच्चा लसूण चिरांच्या आतच राहायला हवा. वर उघडा पडला की शेवटच्या दहा मिनिटांत जळतो आणि कडू होतो. त्या कडूपणावर कुठल्याही चीजचा इलाज चालत नाही.

मंगळवार

चीज कुठलं, यावर मैत्रिणीशी बराच वेळ बोलणं झालं. तिचं म्हणणं, जितक्या प्रकारची तितकं उत्तम. मला तसं वाटत नाही. प्रत्येक चीजला एक काम असावं, आणि ज्याला काम नाही ते नको.

मोझरेला तारेसाठी. बनवतानाच त्याचा गोळा गरम पाण्यात मळून ओढतात, त्यानं प्रथिनांचे धागे एका दिशेला लागतात आणि म्हणून ते पुन्हा तापवल्यावर तसंच लांबतं. पण पाण्यात बुडवून मिळणारा ताजा गोळा इथे कामाचा नाही. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते सुटून ब्रेडचा लगदा होतो. कमी पाण्याचा, घट्ट ठोकळा घ्यावा आणि स्वतः किसावा. पाकिटातल्या तयार किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे तो एकजीव व्हायला कुरकुर करतो. चव मात्र मोझरेलाला बेताचीच. ती भरून काढायला चेडार, तेही कोवळं. फार मुरलेल्या चेडारमधलं प्रथिनांचं जाळं तुटत आलेलं असतं, तापवलं की तेल एकीकडे आणि रवाळ चोथा एकीकडे. मुरलेलं चेडार असंच खावं, ते त्यासाठीच आहे. आणि पार्मेझान रंगासाठी, खारटपणासाठी. ते वितळत नाही म्हणून त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. ते वर बसून खरपूस व्हायलाच आलेलं असतं.

प्रोसेस्ड चीजला नाक मुरडणारे खूप आहेत, मी त्यांच्यात नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर आणि श्टेटलर यांनी सायट्रेट क्षार घालून ते पहिल्यांदा तयार केलं. हे क्षार प्रथिनांमधलं कॅल्शियम पकडून ठेवतात, त्यामुळे कितीही तापवा, तेल सुटत नाही. तार येत नाही हे खरं. पण ज्या पोरांना तार नको असते, नुसता मऊ, मिळून आलेला घास हवा असतो, त्यांच्यासाठी ब्रेडचा एक कोपरा मी तेवढ्यानंच भरते.

गुरुवार

उद्या पुन्हा मंडळी येणार आहेत, तर ब्रेड घरी करावा म्हणून आज मैदा भिजवला: ५०० ग्रॅम मैदा, ३२० मिली कोमट पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल. दहा मिनिटं मळला, दुप्पट होऊ दिला, गोल वळून पुन्हा फुगू दिला, २२० अंशांवर भाजला. टिचकी मारली की बुडातून पोकळ आवाज आला. सुरेख झाला, पण या कामासाठी विकतचा ब्रेड वापरण्यात मला जराही कमीपणा वाटत नाही. घरचा ब्रेड गरमागरम नुसत्या बटरबरोबर खावा, तीच त्याची खरी वेळ.

चिरा देऊन, भरून, फॉइलमध्ये गुंडाळून तो फ्रिजमध्ये ठेवलाय. फ्रिजमुळे कडक होईल तो उद्या ओव्हनमध्ये सुटेल, आणि भरल्यावर बाहेर ठेवण्यापेक्षा ते सुरक्षित. थंडगार जाणार म्हणून फॉइलमधली वेळ पंधरावरून वीस मिनिटं करायची.

शुक्रवार, जेवणानंतर

यावेळी बरोबर क्रीमचा पास्ता करावा असं एकाचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. या ब्रेडमध्ये लोणी आहे, चीज आहे, मीठ आहे. शेजारी पुन्हा तेच ठेवलं की चौथ्या घासाला जीभ थकते. त्याच्या जोडीला आंबट, पातळ, करकरीत असं काहीतरी हवं. आज व्हिनेगर-मोहरीच्या ड्रेसिंगचं सॅलड आणि भाजलेल्या सिमला मिरच्यांचं पातळ सूप होतं. सूपमध्ये मलईचा थेंब नाही. लोक ब्रेडचा तुकडा सूपमध्ये बुडवत होते, मग सॅलडचा घास, मग पुन्हा ब्रेड. शेवटी तळाचा अखंड भाग उरला, बटर प्यायलेला, कडेनं कुरकुरीत. तो मी मुद्दाम सगळ्यात लाजऱ्या पाहुण्यापुढे सरकवला, कारण तो स्वतःहून हात पुढे करणार नाही हे दिसत होतं. त्यानं तो मोडून दोघांना दिला आणि उरलेला स्वतः खाल्ला.

दुसरा ब्रेड अर्धा उरलाय. तो मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, त्यात गर चिवट होतो. उद्या १६० अंशांवर फॉइलमध्ये दहा मिनिटं, मग उघडा तीन मिनिटं. तरीही उरला तर चौकोनी तुकडे करून ट्रेवर पसरून कडक भाजायचे आणि उरलेल्या सूपमध्ये टाकायचे. ताईला हेही कळवायचं राहिलंय, सकाळी फोन करते.