‘ती बाई काय बोली ऱ्हायनी?’ : वकिलाच्या ऑफिसात इंटरनेटचा फोन

आमच्या धुळ्याच्या ऑफिसात दिवसभर फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: “मनी तारीख कव्हय शे?”, म्हणजे माझी तारीख कधी आहे? उत्तर आबांना तोंडपाठ. आबा म्हणजे आमचे मुन्शी, वकिलांचे कारकून, आमच्या वकील सरांच्या वडिलांच्या काळापासूनचे. लँडलाइनही तेव्हाचीच. 02562 ने सुरू होणारा तो नंबर साक्री, शिंदखेड्यापर्यंतच्या पक्षकारांनी घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

तार तांब्याची, रस्ता खोदला की तुटायची. त्यात काम वाढलं. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाच्या भूसंपादनाची प्रकरणं यायला लागली, शिरपूरला आमच्या एक वकील ताई बसायला लागल्या, हायकोर्टाच्या खंडपीठातली अपिलं बघायला आमचे दुसरे वकील, दादा, छत्रपती संभाजीनगरला राहिले. पक्षकाराने धुळ्याला फोन करायचा, आबांनी दादांचा मोबाइल नंबर सांगायचा, त्याने तो चुकीचा लिहून घ्यायचा आणि परत धुळ्यालाच फोन करायचा. शेवटी सर मला म्हणाले, “तू बघ गं हे इंटरनेटच्या फोनचं.” ऑफिसात मी सगळ्यात लहान, म्हणजे यंत्रातलं सगळं मलाच कळत असणार.

तिघांकडून कोटेशन मागवलं. पहिला म्हणाला, ऑफिसातच एक्सचेंजचा, म्हणजे आलेला फोन हव्या त्या टेबलावर जोडून देणारा डबा बसवू, ॲस्टेरिस्क नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एकदाच खर्च. पण डबा बिघडला तर बघायचं कोणी? तो नाशिकचा, आम्ही धुळ्याचे. शिवाय असा डबा नीट कुलूपबंद नसेल तर कोणीतरी रात्रीतून आत शिरून परदेशी कॉल करतं आणि बिल आपल्या नावावर येतं. दुसरा क्लाउडवाला: डबा त्यांच्याकडे, आपण दर एक्स्टेंशनमागे, म्हणजे त्याला जोडलेल्या आपल्या प्रत्येक फोनमागे, महिन्याचं भाडं भरायचं. तिसरा फार स्वस्त होता. त्याच्याकडे एका पेटीत ओळीने सिमकार्डं, इंटरनेटवरून आलेला कॉल त्यातून साध्या फोनवर सोडायचा. सरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि चहा न पाजताच त्याला वाटेला लावलं. आपल्याकडे इंटरनेटचा कॉल साध्या फोनच्या जाळ्यात सोडायचा परवाना फक्त दूरसंचार कंपन्यांना आहे, 2018 मध्ये तसं स्पष्टही झालं. अशा पेट्यांवर धाडी पडतात. उद्या वकिलाच्याच ऑफिसात पंचनामा व्हायचा!

क्लाउडवाल्याने आठवडाभर चाचणीला दिलं. खरी गंमत तिथे झाली. फोन लागला की गोड आवाजात एक बाई बोलायची: मराठीसाठी एक दाबा, दिवाणी प्रकरणांसाठी दोन दाबा. पहिल्याच दिवशी येणारे फोन निम्म्यावर आले. आबांनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी एक आजोबा एसटीने ऑफिसातच आले आणि म्हणाले, “ती बाई काय बोली ऱ्हायनी, माले काही समजनं नही.” साधा बटणांचा फोन, कानाला लावला की आकडे दिसत नाहीत, आणि आपलं प्रकरण दिवाणी की फौजदारी हे त्यांनी का ठरवायचं? ते तर वकिलाचं काम. दुसऱ्या दिवशी बाईला रजा दिली. आता फोन थेट आबांच्या टेबलावर वाजतो, त्यांनी पाच रिंगात नाही उचलला तर माझ्याकडे येतो.

त्या बाईच्या तोंडी विक्रेत्याने एक वाक्यही घातलं होतं, ‘भूसंपादनात जास्तीत जास्त मोबदल्यासाठी खात्रीचं नाव’. बार काउन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मॅडम, डॉक्टर तर करतात.” आता काय बोलणार!

सगळ्यात जास्त वाद रेकॉर्डिंगवर झाला. प्रत्येक कॉल आपोआप साठवला जातो, हा त्यांचा हुकमी एक्का. मलाही आधी बरं वाटलं होतं, कोणी काय कबूल केलं ते कायम हाताशी राहील. सर म्हणाले, पक्षकार आपल्याला जे सांगतो त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण आहे, जुन्या कायद्यात कलम 126 होतं. ते बोलणं त्याच्या संमतीशिवाय आपण उघड करायचं नाही आणि तू ते तिऱ्हाइताच्या सर्व्हरवर नेऊन ठेवणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेकॉर्डिंग बंद करून घेतलं आणि ते बंद असल्याचं कंपनीकडून लेखी घेतलं.

नेटच्या वेगाची मला उगाच धास्ती होती. एका कॉलला दोन्ही बाजूंनी शंभर केबीपीएस (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) धरले तरी पुष्कळ, म्हणजे चार कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएसही लागत नाही. त्रास होतो तो आवाज उशिरा पोचण्याचा. दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम गप्प होतात. धुळ्याला ते ठीक निघालं. शिरपूरला मात्र ताईंना सगळं ऐकू यायचं आणि ताईंचा आवाज कोणालाच नाही. तीन दिवस डोकं फोडलं. शेवटी राउटरमधली ‘सिप एएलजी’ नावाची सोय बंद केली तेव्हा आवाज आला. ही सोय फोनला मदत व्हावी म्हणूनच दिलेली असते, पण पुष्कळदा तीच मध्ये लुडबुड करते. तुमच्याकडे एकतर्फी आवाज आला तर आधी तिथे बघा.

विजेचं कोणी विक्रेता स्वतःहून बोलला नाही. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन लाइट गेल्यावरही चालायचा, कारण त्याला वीज एक्सचेंजमधूनच यायची. फायबरचं तसं नाही. इन्व्हर्टर आहे हो आमच्याकडे, पण तो सुरू होतानाच्या झटक्याला राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि चालू कॉल गेलाच. मोडेम आणि राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज क्षणभरही तुटू न देणारा बॅटरीचा डबा, घेतला, मग निभलं.

राहिला जुना नंबर. मोबाइलचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो, लँडलाइनचा नाही. म्हणून त्याच कंपनीचं फायबर घेऊन नंबर तिथेच ठेवला आणि त्यावर येणारे फोन क्लाउडच्या नव्या नंबरवर वळवले. नेट गेलं तरी फोन आबांच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये वाजतो. आबा आता “थांबा, दादाले जोडी देस” म्हणून झोकात बटण दाबतात.

पण आम्ही इकडून फोन केला की पलीकडे नवा नंबर दिसतो, आणि तो कोणी उचलत नाही. मागच्या आठवड्यात आबांनी साक्रीच्या एका पक्षकाराला चारदा फोन लावला. अर्ध्या तासाने जुन्या नंबरवर त्याचाच फोन आला.

“आबा, माले कोनी तरी नवा नंबरवरीन फोन करा व्हता. फ्रॉड वाटना, मी उचला नही.”

“मीच व्हतू रे भाऊ,” आबा म्हणाले.