तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा वर्षांच्या गाडीची वही

रत्नागिरीत आमच्या अंगणात 2007 च्या जून महिन्यात घेतलेली वॅगन-आर उभी असते आणि तिच्याकडे पाहून येणारे-जाणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. "अजून चालते का हो?" हा पहिला, आणि त्याचे उत्तर किल्ली फिरवून देता येते. दुसरा प्रश्न माझ्या भाच्याने स्वतःची नवी गाडी घेतल्यावर पेढे देता देता विचारला: "मामा, हिचं तुम्ही असं काय करता, की ती इतकी वर्षं टिकली?" हाच प्रश्न कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी आणि एकदा पेट्रोल पंपावरच्या मुलानेही विचारलेला असल्यामुळे त्याचे उत्तर एकदाचे नीट लिहून काढावे असे वाटले.

मला गाड्यांतले विशेष काही कळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. नोकरी हिशेब तपासण्याची असल्यामुळे हाताला वही लागते, म्हणून गाडी घरी आली त्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि खर्च असे चार रकाने आखले. आज त्या वहीला पाच रकाने आहेत. पाचवा रकाना 2017 साली आंबा घाटात जे घडले त्यानंतर पडला, आणि भाच्याला मला खरे तर त्या एका रकान्याविषयीच सांगायचे होते.

पहिली आठ वर्षे माझी नोकरी बाहेरगावी होती आणि गाडी वर्षाकाठी बारा हजार किलोमीटर धावत असे. त्यामुळे दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग म्हणजे साधारण दर दहा महिन्यांनी सर्व्हिसिंग, असा मेळ आपोआप बसत होता. 2015 मध्ये बदली घरापासून तीन किलोमीटरवर झाली आणि गाडीचे धावणे वर्षाला चार हजारांवर आले. मी आपला किलोमीटर मोजत राहिलो. दहा हजार भरायला अडीच वर्षे लागणार, या हिशेबात मला काही वावगे दिसले नाही, उलट खर्च वाचल्याचे समाधानच वाटले.

नोव्हेंबर 2017 मध्ये कोल्हापूरहून परत येत होतो. गाडीत आई, पत्नी आणि बहिणीने दिलेली गुळाची ढेप व इतर सामान असा चांगला भार होता. आंब्यावरून साखरप्याकडे उतरताना पुढे एक उसाचा ट्रॅक्टर होता आणि मी पेट्रोल वाचवण्याच्या हव्यासाने चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरत होतो. हा माझा निव्वळ अडाणीपणा होता, कारण घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा हे एसटीच्या कोणत्याही चालकाने मला सांगितले असते. अर्ध्या घाटात एका वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागले. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला गेले आणि गाडी काही थांबेना. पेडल भराभर दोन-तीन वेळा दाबून, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून आणि हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी डोंगराच्या बाजूला लावली. आईने "काय झालं रे?" विचारले, तेव्हा मी चाकाला दगड लावत होतो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखे कडक झाले आणि आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरून घरी पोहोचलो. ते पेडल आपोआप बरे झाले, हीच त्यातली सर्वांत फसवी गोष्ट होती, कारण पत्नीचा आग्रह नसता तर मी ते "गरम झाले असेल" म्हणून सोडूनही दिले असते.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या, म्हणजे पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या द्रवाच्या, डबीचे झाकण उघडून मला आत पाहायला सांगितले. नवे ब्रेक ऑइल फिक्कट पिवळे, जवळजवळ पारदर्शक असते. आमचे कोऱ्या चहासारखे झाले होते. वही उघडली तर त्याची शेवटची नोंद 2012 ची, म्हणजे पाच वर्षांपूर्वीची निघाली. मधल्या काळात एका वर्कशॉपच्या बिलावर "ब्रेक तपासले" असा शेरा होता, पण तपासले म्हणजे पॅडची जाडी पाहिली, एवढाच त्याचा अर्थ होता.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि रबरी नळ्यांतून व डबीच्या झाकणातून हा ओलावा अगदी सावकाश आत शिरत राहतो. डॉट 3 दर्जाचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पण ओलावा पुरेसा मुरला की तीच मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात डिस्क तापते, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत न पोहोचता त्या बुडबुड्यांतच जिरतो. निवल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल कडक लागते. या सगळ्याचा किलोमीटरशी फारसा संबंध नाही. गाडी अंगणात नुसती उभी असली तरी कोकणातल्या दमट हवेत ते ऑइल ओलावा पीतच असते. साधारण दोन वर्षांत ते बदलावे असे सांगितले जाते. मेस्त्रींचा पोरगा प्रत्येक चाकामागची निपल (जुने ऑइल बाहेर काढण्याची बारीक तोटी) सोडून खाली बाटली धरत होता, मी आत बसून "दाबा... धरा... सोडा" या हुकमांनुसार पेडल मारत होतो, आणि बाटलीतला काळा द्रव हळूहळू फिका होत गेला. सगळे काम पाचशे रुपयांच्या आत झाले.

त्या रात्री वहीत पाचवा रकाना आखला: "पुन्हा कधी". त्यात किलोमीटर आणि तारीख दोन्ही लिहायचे आणि जे आधी येईल ते पाळायचे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही असेच छापलेले असते, फक्त आपण त्यातला किलोमीटरचा आकडा तेवढा वाचतो.

या रकान्याने कितीतरी गोष्टींकडे पाहण्याची माझी पद्धत बदलली. इंजिन ऑइलचेच घ्या. घर ते कार्यालय तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे आत जमणारा ओलावा आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच राहते. कमी धावणाऱ्या गाडीचे ऑइल त्यामुळे जास्त टिकते असे नाही, म्हणून मी ते आता चार हजार किलोमीटर झाले असले तरी वर्षाला बदलतो. टायरचेही तसेच आहे. टायरच्या कडेवर डॉट (DOT) या अक्षरांपुढे एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात. 1419 म्हणजे 2019 मधला चौदावा आठवडा. असाच 1419 चा टायर एका दुकानदाराने मला 2022 मध्ये कोरा म्हणून दाखवला होता. कोरा होताच तो, फक्त तीन वर्षे गोदामात म्हातारा होत होता. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण आमच्यासारख्यांच्या गाडीत नक्षी शिल्लक असतानाच कडेला बारीक भेगा पडतात. आणि डिकीतली स्टेपनी कोणी पाहतच नाही. तिची नोंद मी आता वेगळी ठेवतो.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, दहा मिनिटे बोनेट उघडतो. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, ओढून जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा ओढायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहायचे. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीवर बाहेरूनच नजर टाकायची, ब्रेक ऑइलची पातळी पाहायची, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर ती कोमट पाण्याने धुऊन कोरडे करून व्हॅसलीन लावायचे. यातले कोणतेही काम आठवीतल्या मुलाला जमेल असे आहे. त्याचा उपयोग मात्र ओळीने लिहिल्यावर कळतो. 2014 मध्ये मी फेब्रुवारीत "कूलंट एक बोट कमी, भरले" असे लिहिले, मार्चमध्ये तेच, एप्रिलमध्ये पुन्हा तेच. जमिनीवर कधी थेंब दिसला नव्हता आणि तापमानाच्या काट्यानेही कसली तक्रार केली नव्हती, पण तीन ओळी एकाखाली एक वाचल्यावर मी मेस्त्रींकडे गेलो आणि वॉटर पंपाच्या सीलमधून पाझर लागल्याचे निघाले. मे महिन्याच्या उन्हात कुठेतरी रस्त्यावर इंजिन तापून त्याचे हेड (वरचा भाग) वाकले असते, तर ते प्रकरण कितीला पडले असते याचा आकडा मेस्त्रींनी सांगितला आणि मी तो मुद्दाम खर्चाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहून खोडला. (विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची आमच्याकडची जुनी सवयही त्याच दिवशी सुटली. क्षार बसतात आणि आतून गंज धरतो.)

कोकणात मात्र इंजिनापेक्षा पत्रा आधी जातो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढे रंगाचे काही चालत नाही, म्हणून दर मे महिन्यात गाडी लिफ्टवर चढवून खालून धुऊन घेतो आणि जिथे कोटिंग उडाले असेल तिथे पुन्हा मारून घेतो. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक चिरा असतात, हे मला दहा वर्षे माहीत नव्हते. त्या मातीने बुजल्या की पावसाचे पाणी दाराच्या पोटात साठते आणि पत्रा आतून खाऊन टाकते, बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माडाच्या खराट्याची एक हीर घेऊन त्या चिरा मोकळ्या करायच्या, एवढाच उपाय. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्याचा मोहोर आणि पाने अडकतात, तीही काढायची. पावसाळ्यात मी हँडब्रेक ओढून ठेवत नाही, कारण मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला जांभा दगडाचा चिरा लावतो. उंदरांचे म्हणाल तर त्यांनी दोनदा वायरिंग कुरतडले आहे आणि तंबाखूच्या पानांसकट सगळे उपाय मी करून पाहिले आहेत. या बाबतीत मला कोणी काही विचारू नये.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जावे की बाहेरच्या मेस्त्रींकडे, हा या प्रश्नाला नेहमी जोडून येणारा उपप्रश्न. वॉरंटी असेपर्यंत मी कंपनीतच गेलो आणि भाच्यालाही तेच सांगितले. त्यानंतर मेस्त्री. पण दोन्हीकडे एक पथ्य पाळले: बदललेला भाग परत मागून घ्यायचा आणि जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ पुस्तिकेशी ताडून पाहायची. इंजिन फ्लश, डीकार्बनायझेशन, एसीचे निर्जंतुकीकरण, अशी पुस्तिकेत नसलेली कामे मी नम्रपणे खोडून टाकतो. ज्या ब्रेक ऑइलवर जीव अवलंबून होता त्याचे नाव कधी कोणी काढले नाही आणि सुगंधी फवारणीबद्दल मात्र तीन वेळा फोन आले, हे मी अजून विसरलेलो नाही.

पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे जून 2022 मध्ये, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावी लागली. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून मोटारींसाठी हे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले होते, शिवाय पर्यावरण कर वेगळा. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर आणि ब्रेक पाहिले आणि चेसीस नंबर दाखवायला सांगितला. बोनेटखालच्या पत्र्यावर कोरलेला तो नंबर गंजून गेला म्हणून अनेकांना हेलपाटे पडतात, असे मेस्त्रींनी आधीच बजावल्यामुळे मी त्यावर दर मेमध्ये ग्रीस लावत आलो होतो. चिंधीने पुसल्यावर अक्षर न् अक्षर स्पष्ट निघाले, कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा उमटला. निरीक्षकांनी वही पाहिली नाही. ती त्यांना दाखवावी असे मला फार वाटत होते.

ते नूतनीकरण पाच वर्षांचे आहे. जून 2027 ची तारीख पाचव्या रकान्यात लिहिलेली आहे आणि तिच्यावरच्या ओळीत "मागील डावा दरवाजा, खालची कड, फोड, पावसाआधी" असे आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या या महिन्यात बदलून घ्यायच्या आहेत. भाच्याला पेढ्यांच्या बदल्यात मी एक कोरी दोनशे पानी वही दिली. त्याने ती डॅशबोर्डच्या खणात ठेवली आणि म्हणाला, "मामा, गाडीच आठवण करून देते, स्क्रीनवर येतं." मी त्याला एवढेच विचारले की, त्या स्क्रीनवर ब्रेक ऑइलची तारीख येते का. तो पाहून सांगणार होता.